मी उचललेली काळी गिटार

आजवर मी बऱ्याच जणांविरुद्ध पत्रकं लिहिली. तहसीलदाराविरुद्ध, साखरपुड्यात हुंडा ठरवणाऱ्या एका मास्तरांविरुद्ध, आमच्याच संघटनेतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याविरुद्धसुद्धा. हे प्रकरण माझ्याविरुद्ध आहे. पस्तिशीच्या आत आठवणी लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, मान्य. पण ही एक गोष्ट आणखी पंधरा वर्षं पोटात ठेवली, तर मी ती माझ्या सोयीची करून टाकीन, एवढं मी स्वतःला ओळखते. आत्ताच ती थोडी सोयीची झालेली आहे. लिहिताना जिथं जिथं ‘मला माहीत नव्हतं’ असं लिहिलं गेलं, तिथं तिथं मी ते खोडलं.

माझे आईवडील नरडाण्याला, आणि मी शिकायला जळगावात नानांकडे. नाना म्हणजे माझे धाकटे काका. त्यांनी लग्न केलं नाही. वीस-बावीस वर्षं ते परदेशी प्रवासी जहाजांवरच्या बँडमध्ये गिटार वाजवत होते. धुळ्याच्या शेतकरी घरातला हा माणूस रोज संध्याकाळी काळा कोट घालून भर समुद्रात म्हाताऱ्या गोऱ्या जोडप्यांना नाचवायचा, आणि सुट्टीवर घरी आला की ओट्यावर बसून ठेचा बोटानं चाटायचा. कायमचे परत आले तेव्हा त्यांनी जळगावात डाळमिलांच्या मागच्या गल्लीत घर घेतलं. विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या, त्यांच्याकडे राहायला आली. तिला सगळे अक्का म्हणत. त्या घराला दोन वास होते. सकाळी तुरीच्या टरफलांचा, बारीक पिवळी धूळ नाकात बसवणारा; आणि संध्याकाळी अक्कानं काडीकचऱ्यावर वांगी भाजायला घेतली की धुराचा. भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चा कांदा आणि कांद्याची पात. नाना म्हणायचे, जगात चाळीस बंदरं पाहिली, पण असलं वांगं एकाही बंदरात नाही. अक्का म्हणायची, “चाळीस बंदरं पाह्यनी, पन एक बायको नही गवसनी याले.” मिल सुरू झाली की भिंतीला हात लावला तरी तळहात गुणगुणायचा. नानांच्या मते ती मिल पक्की ‘ई’ स्वरात होती. गिटारची सगळ्यात जाड तारही ‘ई’चीच; ती सुरात लावायची, तर भिंतीला कान लावून लावा, पेटीची गरज नाही. मी कितीतरी दिवस खरंच तशी लावत होते. मिलवाल्यांनी मोटर बदलली तेव्हा नाना दोन दिवस चिडचिड करत होते, म्हणे आता अख्खी गल्ली बेसूर झाली.

नानांकडे दोन गिटारी होत्या, दोन्ही इलेक्ट्रिक, दोन्ही उंची. एकेकीच्या किमतीत नवीकोरी मोटरसायकल दारात उभी राहिली असती आणि वर पेट्रोलची सोय झाली असती. लाल होती ती अमेरिकेत बनलेली. अंग भरीव, जड. पाच मिनिटं गळ्यात अडकवली की खांदा बोलायला लागायचा. वरचं लाकूड असं की उन्हात धरली की आत ज्वाळा हलल्यासारख्या दिसायच्या. आवाज जाडसर, भारदस्त, एक तार छेडली की ती आपलं म्हणणं पूर्ण करूनच थांबणार. काळी जपानची. हलकी, सडसडीत, अंगावर एक नक्षी नाही. तिची नेक, म्हणजे डावा हात जिच्यावर फिरतो ती दांडी, पट्टीसारखी सपाट आणि बारीक. तिचा आवाज स्वच्छ आणि थोडा तिखट. पाहुणे आले की लालीकडे बघायचे आणि हात लावायला मागायचे. काळीकडे कुणी बघायचं नाही. नाना स्वतः दोन्ही वाजवायचे. कुठली चांगली, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, “चांगली-वाईट हातात असतं. हात बघायचा, मग गिटार.” मला ते गुळमुळीत उत्तर वाटलं. तेव्हा मला ज्या उत्तरात कुणाचा तरी निषेध नसे, ते सगळंच गुळमुळीत वाटायचं.

दर शनिवारी धुळ्याहून भूषणभाऊ यायचा. माझ्या थोरल्या काकांचा मुलगा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. पारोळा-एरंडोल करत एसटीनं दुपारी पोचायचा, येताना अक्काला आवडते म्हणून शेव आणायचा, आणि नानांसमोर पाय दुमडून बसायचा तो पार दिवेलागणीपर्यंत. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि धुळ्यात अहिराणी गाणी रेकॉर्ड करणारा एक छोटा स्टुडिओ होता, तिथंही. मोबाईलवर तेव्हा गावोगाव जी गाणी वाजायची, त्यातल्या काहींच्या सुरुवातीचा तो तिखट तुकडा आमच्या भूषणभाऊचा. लोक गाणाऱ्याला ओळखायचे, नाचणारीला ओळखायचे. भूषणभाऊला कोण ओळखणार? पण तो तुकडा लागला की वरातीतली पोरं आधीच हात वर करायची, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रेकॉर्डिंग असलं की नाना त्याला गिटार न्यायला द्यायचे. कुठली, ते त्याला सांगावं लागत नसे. अक्काच काळीची पिशवी दाराशी काढून ठेवायची.

त्याच्या डाव्या हाताचं सांगायला हवं. एका लग्नात स्पीकर उतरवताना टेम्पोचा फाळका त्याच्या हातावर पडला. मोडलेली दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, कुणा हाड बसवणाऱ्यानं बसवली ती थोडी वाकडीच बसली. पूर्ण उघडायची नाहीत. तो कधी त्यावर बोलायचा नाही, आणि वाजवताना बघणाऱ्याला कळायचंही नाही. एका शनिवारी नानांनी त्याला म्हटलं, आज लाल घे, तिच्यावर कर हे. त्यानं घेतली. दोन-तीन मिनिटं वाजवली, मग खाली ठेवली आणि डावा हात झटकत राहिला, पाणी झटकावं तसा. नानांनी काळी पुढं केली. मी तिथंच बसले होते. पुस्तक वाचत होते, पण बसले होते. लालीच्या जाड दांडीला त्याची ती दोन बोटं वेढा घालू शकत नव्हती, काळीच्या बारीक दांडीला घालू शकत होती. हे समजायला संगीत यावं लागत नाही. डोळे लागतात.

पण माझे डोळे त्या वर्षी दुसरीकडे होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी संघटनेत गेले आणि मला माझा विषय सापडला: हक्कसोड. बापाच्या जमिनीत मुलीचा वाटा आहे, कायद्यानं आहे, आणि तरी गावोगाव बहिणी तलाठ्यापुढं जाऊन सही करून येतात की मला काही नको. का? तर भाऊ तोडेल, माहेर तुटेल. त्या बदल्यात काय? एक साडी, एक चोळी, दिवाळीला पोळी. मी पाचोऱ्याच्या बाजारात, शिंदखेड्याच्या तहसीलबाहेर उन्हात उभी राहून पत्रकं वाटली. एक पत्रक तर अख्खं माझं होतं. त्याचं शीर्षक, ‘बहिणीला पाहुणचार, भावाला सातबारा’. ते लोकांच्या तोंडी बसलं. एका बाईनं ते वाचून सही करायला नकार दिला आणि मला येऊन सांगितलं, तेव्हा माझ्या पायांना जमीन लागत नव्हती. त्या बाईबद्दल मला आजही अभिमान आहे. तो मी खोडणार नाही. पण एकदा असा विजय मिळाला की माणसाला सगळीकडे तेच भांडण दिसायला लागतं. मला चहाच्या कपात भावाचा डाव दिसायचा. अक्काची सही तर घरातच होती. तिनं तिच्या तरुणपणी भावांना हक्कसोड करून दिलं होतं आणि आता भावाच्या स्वयंपाकघरात वांगी भाजत होती. मी तिला त्यावरून बोलले की ती म्हणायची, “सुजे, तू माझ्यावर पत्रक नको काढू व. आधी कांदा चीर.”

नाना गेले ते अचानक, सकाळी दाढी करताना. तेरा दिवसांचं सगळं धुळ्याला, थोरल्या काकांच्या घरी झालं. या काकांना आम्ही आबा म्हणायचो. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर, माझे आईवडीलही नरडाण्याला परतल्यावर, अक्कानं विषय काढला. बाकी नानांचं काही फार नव्हतं, घर अक्काला राहणार हे ठरलंच होतं. पण त्या दोन गिटारी, ज्या ती सगळ्या सामानासकट जळगावहून घेऊन आली होती, ज्या दोघांना त्यांनी शिकवलं त्या दोघांना द्यायच्या, एक एक. ती म्हणाली, “भूषण मोठा. त्यानी वाटा पाडवा.”

आमच्याकडच्या वाटणीचा रिवाज इथं सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळं पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. वाटे पडले की पाडणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. हे घे, ते घे, असं एक अक्षर नाही. आणि एक तिसरी गोष्ट, जी कुणी बोलत नाही पण सगळ्यांना ठाऊक असते. थोरल्याचा एखाद्या वस्तूवर जीव असेल, समजा एखादी विहिरीकडची पट्टी, एखादी गाय, तर तो ती एकटी ठेवतो आणि बाकीचं सगळं दुसऱ्या वाट्यात भरतो. धाकट्यानं ते ओळखायचं आणि भरलेला वाटा उचलायचा. मागायचं कुणालाच काम पडत नाही, आणि कुणाचं नुकसानही होत नाही. मला हा रिवाज लहानपणापासून माहीत होता. माझ्या वडिलांनी असाच भरलेला वाटा उचलून आबांना विहिरीकडची पट्टी ठेवली होती, आणि ती गोष्ट आमच्या घरात कौतुकानं सांगितली जायची.

भूषणभाऊनं पुढच्या खोलीत सतरंजी टाकली. आबा, अक्का आणि मी भिंतीला टेकून बसलो. त्यानं आधी लाल आणून ठेवली. तिच्याशेजारी तिची मखमल लावलेली टणक पेटी. मग नानांचा अॅम्प्लिफायर, जो जपून जपून त्यांनी जहाजावरून आणला होता. मग आवाज बदलायच्या पायपेट्या, चार. मग वायरी, नीट गुंडाळून. मग तारांची न फोडलेली पाकिटं. मग स्टँड. तो एकेक वस्तू आणत होता आणि लालीच्या बाजूला मांडत होता. शेवटी काळी आणली, सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. तिच्यासोबत पिशवीसुद्धा नाही. फक्त तिला लावलेला कापडी पट्टा. मग तो उठला आणि हात मागं बांधून दाराजवळ उभा राहिला.

आबांना गप्प बसवेना. ते म्हणाले, “या पोरले काय करनी शे ती? सासरे ली जाई का?”

खरं सांगते, ते हे बोलले नसते तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आणि आबांवर ढकलायची ही वाट मला दर वेळी खुली दिसते. पण आबा असलं काहीतरी रोजच बोलायचे. त्यांच्या बोलण्यानं मी पेटले नाही. पेटायला मी आधीच बसले होते, त्यांनी फक्त काडी दिली. मी उभी राहिले.

“आबा, हेच. नेमकं हेच बोलतात सगळे. मुलीला काय करायचंय.”

“झालं,” आबा म्हणाले, “सुरू व्हयनी सभा.”

“सभाच समजा. नानांनी शिकवताना कधी मुलगा-मुलगी केलं नाही. मग वाटताना का? हे काय मांडलंय? इकडं एवढा पसारा, पेटी काय, मखमल काय, आणि तिकडं एकटी काळी. मला हे माहीत आहे. गावोगाव बघते मी. बहिणीपुढं साडीचोळीचा ढीग घालायचा, म्हणजे ती खूश होऊन ढीग उचलते आणि खरी वस्तू भावाकडं राहते. जिच्याजवळ काहीच मांडलेलं नाही तीच भारी असणार, नाहीतर एवढा ढीग कशाला घातला असता? अक्कानं सही केली म्हणून मी करणार नाही.”

अक्कानं पदर तोंडाला लावला. तेव्हा मला वाटलं ती रडतेय, आणि ते मला मुद्द्याच्या बाजूनं वाटलं. आता वाटतं तिला लाज वाटली असेल, सगळ्यांसमोर आपली सही अशी ओढून आणल्याची. पण ती बोलली ते माझ्यासाठीच.

“सुजे, नीट पाह्य व. त्या वाटामा कितलं शे, ते पाह्य आधी.”

“म्हणूनच,” मी म्हटलं. “इतकं कुणी फुकट देत नाही.” आणि वाकून मी काळी गिटार उचलली.

भूषणभाऊ माझ्याकडं बघत नव्हता, काळीकडंही नाही; सतरंजीच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघत होता. मग त्यानं “बरं” म्हटलं. पुढं आला, लाल पेटीत ठेवली, कड्या लावल्या. पेटी उचलताना थांबला आणि म्हणाला, “तो पट्टा तेवढा माझा आहे. आईनं शिवलाय. काढून देतेस?” त्याची आई, आमची मोठी काकू, आदल्या वर्षीच गेली होती.

मी काय म्हटलं ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हटलं, “वाट्यात आलेलं वाट्यात राहू दे.”

त्यानं पुन्हा “बरं” म्हटलं. दुपारी जेवायला उडदाची डाळ आणि भाकरी होती. वाढताना तो आपल्या लहान चुलत बहिणीची थट्टा करावी तसं म्हणाला, “हिला तेल जास्त वाढा, भाषण करून घसा कोरडा पडला असेल.” सगळे हसले. मीही हसले, कारण मी जिंकले होते आणि जिंकलेल्यानं मोठ्या मनानं हसावं असं मला वाटलं.

जळगावात परतल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की इलेक्ट्रिक गिटारला अॅम्प्लिफायर लागतो, आणि तो मी सतरंजीवर सोडून आले आहे. नुसती वाजवली तर तिचा आवाज मुंगी पत्र्यावर चालावी एवढा. संघटनेतली पोरं मला विचारायची, “सुजाताताई, मोर्चात वीज कुठून आणायची? आकडा टाकायचा का?” कलापथकात डफ आणि तुणतुणं होतं, त्यांना माझी गरज नव्हती. मी दोनदा एका कार्यक्रमात ती वाजवली, मंडपवाल्याच्या स्पीकरला जोडून, आणि दोन्ही वेळा ती किंचाळली. मग तिला पिशवी शिवून घेतली आणि कपाटावर ठेवली. पुढं मी भाड्याच्या चार खोल्या बदलल्या. प्रत्येक खोलीत ती कपाटावरच राहिली. पाहुण्यांनी विचारलं की मी सांगायची, “माझ्या काकांची. हक्कानं मिळवलेली आहे.” हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! एका शिबिरात तर मी ही वाटणी उदाहरण म्हणून सांगितली होती. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

खरं काय ते अक्कानं सांगितलं, आणि तेही मी काही विचारलं म्हणून नव्हे. वाटणीला तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. मी तिच्याकडं भरीत खायला गेले होते. बाजूच्या गल्लीत वरात चालली होती आणि गाणं लागलं. मी म्हटलं, “अक्का, भूषणभाऊचा तुकडा ऐकू येत नाही आता नव्या गाण्यांत.” ती वांग्याची सालं काढत होती. म्हणाली, त्यानं सोडलं. लालीवर त्यानं दोन लग्नसराया काढल्या, बोटं सुजायची, रात्री मिठाच्या पाण्यात धरायचा. मग स्टुडिओवाल्यानं दुसरा मुलगा पाहिला. लाल त्यानं विकली. आता कीबोर्ड वाजवतो, त्याला दोन बोटं कमी असली तरी भागतं. “पन त्याले काळीच जमे,” अक्का म्हणाली. “तुले माहीत नव्हतं का व?” तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत नसावं, कारण माहीत असून कुणी तसं करेल हे तिच्या डोक्यात बसत नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, “नाही ना.” ते ‘नाही ना’ मला त्या वाटणीपेक्षा जास्त छळतं.

त्याच आठवड्यात मी उठून धुळ्याला गेले असते, तर हे प्रकरण वेगळं झालं असतं. मी गेले नाही. कारणं माझ्याकडं होती: निवडणूक होती, आंदोलन होतं, अटक झाली होती, सुटका झाली होती. आणि सगळ्यांखाली एक कारण होतं, की मी गेले तर मुद्दा पडेल. पोरी म्हणतील, बघा, सुजाताताईंनीसुद्धा भावाला परत दिलं. उद्या हेच प्रत्येक भाऊ आपल्या बहिणीला ऐकवेल. मी हे स्वतःला इतक्या गंभीरपणे समजावलं की त्यात सहा वर्षं गेली. चळवळीच्या नावाखाली किती घाण लपवता येते, हे सरकारला माहीत नसेल. आम्हाला चांगलं माहीत आहे.

मागच्या उन्हाळ्यात गेले. फोन करून गेले, फक्त येतेय एवढंच सांगितलं. गिटार एसटीत खिडकीजवळच्या सीटवर ठेवली आणि मी कडेला बसले. कंडक्टर म्हणाला, “ताई, तिचं पण तिकीट काढा मग.” पर्समध्ये मी एक कागद ठेवला होता. त्यावर काय बोलायचं त्याचे चार मुद्दे काढले होते. सवय.

भूषणभाऊच्या घरात आता आबा नाहीत, बायको आहे, दोन मुली आहेत. तो थोडा सुटला आहे, केस पुढून गेलेत. पिशवी बघूनच त्याला कळलं. त्यानं ती माझ्या हातून घेतली, खाटेवर ठेवली, चेन उघडली, पण बाहेर काढली नाही. आधी पंखा वाढवला. वहिनीला पाणी आणायला सांगितलं. मग मला म्हणाला, “तारा गंजल्या असतील.”

“गंजल्यात,” मी म्हटलं. “भूषणभाऊ, मी ही तुला द्यायला आलेय. तुझीच होती. मी तेव्हा…”

“थांब जरा.”

त्यानं ती काढली, मांडीवर घेतली. सुरात लावायला त्याला बराच वेळ लागला. एक तार तुटली. ती त्यानं वाकवून बाजूला केली आणि उरलेल्या पाचांवर नानांनी आम्हाला दोघांना पहिल्या महिन्यात शिकवलेला तो धडा सुरू केला, जो मी बारा वर्षांची असतानाही वाजवू शकत होते. चार-पाच स्वर गेले. मग करंगळीशेजारचं बोट पोचायला हवं तिथं पोचलं नाही. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा त्यानं उजव्या हातानं ते बोट धरून तारेवर नेऊन ठेवलं आणि सोडलं, तर ते उठून आलं. दारात उभी असलेली त्याची धाकटी मुलगी हसली. वहिनीनं तिला आत ओढलं.

“तेव्हा थोडं थोडं यायचं,” तो हाताकडं बघत म्हणाला. “डॉक्टर म्हणायचे, रोज वाजवत राहा, मोकळं राहील. मग लालीवर दुखायला लागलं, सोडलं. कीबोर्डला ते बोट लागतच नाही. बसून गेलं.” यात तक्रार नव्हती. सायकलचं चाक कसं बसलं ते सांगावं, तसं तो सांगत होता.

“तू त्या दिवशी बोलला का नाहीस?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला त्याचाच राग आला होता, हेही लिहिलं पाहिजे. “एवढं एक वाक्य, की माझी बोटं… मी दिली असती. त्याच क्षणी दिली असती.”

त्यानं वर बघितलं.

“तू बोलत होतीस ना तेव्हा,” तो म्हणाला.

पर्समधला कागद मी काढला नाही. बापाच्या संपत्तीत मुलीचा वाटा असतो, हे मी आजही उन्हात उभी राहून सांगते आणि मरेपर्यंत सांगेन. त्या दिवशी सतरंजीवर उभी राहून मी जे बोलले, त्यातला एकही मुद्दा कायद्यानं किंवा न्यायानं चुकीचा नव्हता. फक्त तो त्या खोलीतल्या कुणाबद्दल नव्हता. तिथं एक माणूस आपली एकुलती एक वस्तू न मागता मागत होता, आणि त्या बदल्यात उरलेलं सगळं मला देत होता. आणि मी त्याला एका पत्रकातला भाऊ समजले.

वहिनीनं जेवायला बसवलं. शेवभाजी होती, तिखट, आणि मी खाल्ली. मुलींनी मला पोलिसांच्या गाडीत बसल्यावर कसं वाटतं ते विचारलं. निघताना काळी, तिच्या पट्ट्यासकट, खाटेवरच राहिली, आणि भूषणभाऊ स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी लागलेली होती. आमच्या घराण्यात कुठलंही भांडण, कितीही मोठं, शेवटी कुणीतरी ‘जाऊ दे’ म्हणतं आणि मिटतं. तेवढे दोन शब्द ऐकायला मी पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिले. मागचे प्रवासी ढकलायला लागले. भूषणभाऊनं माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, “पारोळ्याला गाडी थांबते दहा मिनिटं. खाली उतरू नकोस, जागा जाते.”

मी वर चढले.